अंगणातलं आखात

दोह्यात घरचा तलाव गळतोय की नुसता उडून चाललाय, हे ओळखायला एक बादली पुरते. बादलीत तलावाचंच पाणी भरायचं, ती वरच्या पायरीवर पाण्यात ठेवायची, आतल्या आणि बाहेरच्या पातळीवर चिकटपट्टीने खूण करायची आणि पंप बंद करून चोवीस तास वाट पाहायची. दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं, तर ते सूर्याने नेलं. बाहेरचं जास्त उतरलं, तर कुठेतरी भेग आहे. भर उन्हाळ्यात बादलीतलं पाणीसुद्धा दिवसाला जवळपास सेंटीमीटरभर खाली जातं. पहिल्या उन्हाळ्यात मीही ठेकेदाराशी भांडलो होतो. बादलीने त्याच्या बाजूने साक्ष दिली.

मी साताऱ्याकडचा. कतार हा देश सातारा जिल्ह्यापेक्षा किंचित मोठा. पण आमच्या जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तर या अख्ख्या देशात सरासरी पंच्याहत्तर-ऐंशी मिलिमीटर पडतो. नदी एकही नाही. साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटेची विहीर पाहत वाढलेल्या, पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलला गेलेल्या माणसाला ‘पोहायचं पाणी विकत घेऊन साठवायचं’ ही कल्पना पचायला वेळ लागतो. पण इथे उन्हाळ्यात कित्येक महिने बाहेरचा खेळ शक्य नसतो आणि मुलांना कुठेतरी दमवायला लागतंच. २०२०च्या मंत्रिमंडळ निर्णयानंतर परदेशी माणसाला नऊ भागांत पूर्ण मालकीचं घर घेता येतं. त्यामुळे पूर्वी फक्त कंपाउंडचा सामायिक तलाव वापरणारी आपली मंडळीही आता ‘आपल्या अंगणात कुठला बसवावा?’ असं विचारू लागली आहेत.

विक्रेत्याचा कॅटलॉग उघडला, की पहिल्या पानावर आकार असतात, दुसऱ्यावर टाइल्सचे रंग. गाळणी, चिलर, पाण्याची रसायनं हे सगळं मागच्या पानांवर बारीक अक्षरात. माझं म्हणणं इतकंच, की कतारात हा कॅटलॉग मागून पुढे वाचावा.

आधी हिशेब. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर चाळीस सेंटीमीटर खोल असा मध्यम तलाव घेतला, तर त्यात सुमारे ४५ हजार लिटर पाणी मावतं. इथल्या उघड्या पाण्याचं बाष्पीभवन वर्षाला दोन मीटरच्या आसपास. बत्तीस चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून म्हणजे वर्षाला ६४ हजार लिटर. तलाव एकदा भरला की झालं असं नाही. तो दरवर्षी जवळपास दीड वेळा हवेत जातो. जुलैतल्या वाईट दिवशी सव्वातीनशे लिटर, म्हणजे सोळा बादल्या.

आणि हे पाणी येतं कुठून? नळाला येणारं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं मीठ काढून केलेलं असतं. १९५०च्या दशकात पहिला नि:क्षारीकरण प्रकल्प आला, तोवर विहिरी आणि जहाजांनी आणलेलं पाणी यांवरच भागत असे. आज रास अबू फंतास, रास लफ्फान, उम्म अल हौल इथले प्रकल्प आखाताचं पाणी ओढतात. आखात बंदिस्त, उथळ आणि तापलेलं, म्हणून त्याचा खारेपणाही जास्त: महासागरात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ, तर इथे चाळीसच्या वर. ते काढायला नैसर्गिक वायू जाळावा लागतो. समुद्रात तेल सांडलं किंवा प्रकल्प बंद पडला, तर देशाकडे काही दिवसांचं तरी पाणी असावं, म्हणून कहरामा या वीज-पाणी महामंडळाने पाच ठिकाणी महाकाय काँक्रीटचे जलाशय बांधले. डिसेंबर २०१८मध्ये त्यांचं उद्घाटन झालं. उद्दिष्ट सात दिवसांच्या साठ्याचं. त्या पाचांपैकी एका जागेचं नाव उम्म बिरका. अरबीत ‘बिरका’ म्हणजे तळं, कुंड. पोहण्याच्या तलावालाही हाच शब्द. उम्म बिरका म्हणजे तळ्याची आई.

अंगण धुवायला किंवा गाडीवर पाईप धरायला इथे कायद्याने मनाई आहे. २०१५च्या दुरुस्तीनंतर दंड वीस हजार रियालपर्यंत जाऊ शकतो. तलावाला मात्र मनाई नाही. म्हणून जबाबदारी निवडणाऱ्यावर येते.

आता जमीन. दोह्याच्या खाली चुनखडीचा कडक थर आहे. खणायला ब्रेकर लागतो, आणि थोडं खाली गेलं की अनेक भागांत पाणी लागतं. वाळवंटात पाणी! शहराच्या गळक्या वाहिन्या, बागांना घातलेलं पाणी यांमुळे दोह्याखालची भूजलपातळी वर आली आहे. ते पाणी खारट आणि सल्फेटयुक्त असतं, त्यामुळे साधं सिमेंट खातं. म्हणून काँक्रीटच्या तलावाला सल्फेटरोधक सिमेंट आणि बाहेरूनही वॉटरप्रूफिंग हवं. ठेकेदार आतून दाखवतो; बाहेरचं विचारल्याशिवाय सांगत नाही.

याच भूजलामुळे आणखी एक गोष्ट घडते, जी ऐकून नवा मालक हसतो आणि एकदा पाहिल्यावर हसणं थांबतं. रिकामा तलाव तरंगतो. बाहेर पाणी, आत हवा, मग तो होडीसारखा वर येतो, कडेच्या फरश्या उचकटतो, पाइप तोडतो. सगळ्यात हलकं असल्यामुळे फायबरग्लासचं टब सर्वात आधी उठतं. तळाशी दाब सोडणारी झडप बसवलेली असेल, तर बाहेरचं पाणी आत येऊन तलाव जागेवर राहतो. साफसफाईसाठी तलाव पूर्ण रिकामा करायचं वेड इथे फार आहे. ते खालचं पाणी तपासल्याशिवाय करू नये.

प्रकार मुळात तीनच. काँक्रीट, फायबरग्लास, आणि पीव्हीसीचं अस्तर. काँक्रीट बहुतेक वेळा नळीतून दाबाने फवारतात. या तंत्राचा जनक कोण, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही: शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यांत जीव आणणारा कार्ल एकली. १९०७च्या सुमारास त्याने संग्रहालयाच्या पडक्या भिंतींवर गिलावा फवारायला यंत्र बनवलं, १९११मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आज जगभरातले तलाव त्याच्या नळीतून निघतात. काँक्रीटचा फायदा असा, की हवा तो आकार, हवी ती खोली. तोटा वेळेचा. १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला २०२१च्या मंत्रालयीन निर्णयाने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी, कारण खड्ड्यात उभा असलेला माणूस बहुधा आपल्याच उपखंडातला असतो. त्यातून तापलेल्या हवेत ताजं काँक्रीट तडकतं. गोणपाट ओलं ठेवावं लागतं. तलाव हवा असेल, तर खणायला ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरुवात करावी.

फायबरग्लास म्हणजे कारखान्यात ओतलेलं तयार टब. ट्रकवर येतं, क्रेन ते कुंपणावरून आत उतरवते. आठवड्यात पोहायला मिळतं. गुळगुळीत असल्याने शेवाळ कमी. पण रुंदी रस्त्याने ठरते, आणि गडद रंग घेतला तर वरचा थर उन्हात विटतो. लहान तलाव, खाली सुकी जमीन आणि क्रेन उभी राहील असा रस्ता या तिन्ही गोष्टी असतील, तर मी फायबरग्लासच सुचवेन. अस्तराच्या तलावाबद्दल इथे फार लिहायला नको: स्वस्त आहे, पण ऊन आणि गरम पाणी मिळून पीव्हीसीचा जीव लवकर घेतात. तात्पुरत्या कामाला मात्र जोडून उभारलेला तलाव उत्तम चालतो. फेब्रुवारी २०२४मध्ये जागतिक जलक्रीडा स्पर्धा दोह्यात भरल्या, तेव्हा ॲस्पायर डोममध्ये शर्यतींसाठी तलाव तात्पुरतेच उभारले होते, आणि त्यात विक्रम झाले.

काठाचा प्रश्न आकारापेक्षा मोठा. स्किमरच्या तलावात पाणी काठाच्या खाली वीतभर असतं आणि भिंतीतल्या तोंडातून गाळणीकडे जातं. ओव्हरफ्लोत पाणी काठावरून चारी बाजूंनी सांडून पन्हळीत पडतं आणि वेगळ्या साठवण टाकीत जातं. दिसायला ते सुंदरच. पण सांडणारं पाणी जास्त उडतं आणि टाकीची जागाही लागते. इन्फिनिटी काठाबद्दल तर एवढंच, की तो समुद्रासमोर शोभतो. विलाच्या अंगणात अनंताकडे नजर लावली, तर समोर शेजाऱ्याची तीन मीटर भिंत येते.

खरा शत्रू ऊन. शर्यतीच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंश असावं असा नियम आहे. दोह्यात सावलीविना उघडा छोटा तलाव ऑगस्टात पस्तिशी सहज ओलांडतो. त्यात पोहणं म्हणजे आंघोळीच्या पाण्यात कसरत. म्हणून इथे तलाव गरम करायच्या यंत्रापेक्षा गार करायचं यंत्र आधी घ्यावं लागतं. उलटसुलट चालणारा हीट पंप घेतला, तर तोच जानेवारीत पाणी कोमट करतो. विजेचं बिल पाहिलं, की सावलीची किंमत कळते. तलाव घराच्या पूर्वेला ठेवला, तर दुपारनंतर घराची सावली त्यावर पडते. वरून पर्गोला आणि कापड टाकलं की चिलरचं निम्मं काम हलकं होतं. फिकट टाइल्स घ्याव्यात. पारदर्शक फुग्यांचं आच्छादन हिवाळ्यात पाणी वाचवतं, उन्हाळ्यात तेच तलावाला पातेल्यावरचं झाकण होतं. कोरड्या जून महिन्यात रात्री कारंजं लावलं तर पाणी थोडं निवतं, पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत तो उपायही फसतो.

जूनमध्ये धुळीचा शमाल वारा सुटला की गाळणीची परीक्षा होते. वाळूची गाळणी स्वच्छ करताना उलटं पाणी सोडावं लागतं. दर वेळी काहीशे लिटर गटारात. कार्ट्रिजची गाळणी पाईपखाली धुतली की झालं. मी कार्ट्रिज घेतली. धुळीच्या दिवसांत ती आठवड्यातून दोनदा काढावी लागते, तेव्हा घरात माझ्या निवडीबद्दल टोमणे मिळतात.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी यातलं काहीच करू नये. मालकाची आणि बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची, परवानगी घेऊन खणलेला खड्डा आपण भारतात परत नेणार नाही. हायपरमार्केटात लोखंडी चौकटीचे उभे तलाव मिळतात, ते अंगणातल्या फरशीवर चालतात. फक्त गच्चीवर नाही. पाणी साठ सेंटीमीटर असलं, तरी चौरस मीटरला सहाशे किलो होतं, आणि राहत्या घराच्या स्लॅबचा हिशेब माणसं-फर्निचर धरून साधारण दोनशे किलोंचा असतो. लहान मुलं असतील तर चारही बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक, मग बाकी सगळं.

राहिलं पाण्याचं रसायन. क्लोरीन उन्हात काही तासांत मरतं, म्हणून त्याला टिकवणारं औषध घालतात. ते जास्त झालं की क्लोरीन कामच करत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात तलाव वाहतो आणि पाणी आपोआप बदलतं. इथे पाणी उडतं, त्यात मिसळलेलं सगळं मागे राहतं. वर्षाकाठी काही पाणी काढून नवं घालावंच लागतं.

हल्लीची फॅशन सॉल्ट क्लोरिनेटरची. पाण्यात लिटरला तीन-चार ग्रॅम मीठ घालायचं, यंत्र विजेने त्यातून क्लोरीन बनवतं. डोळे चुरचुरत नाहीत, मुलांना आवडतं. मीही तेच बसवलं. पंचवीस किलोच्या सहा गोण्या अंगणात आल्या, तेव्हा त्या ओतता ओतता हसू आलं. किनाऱ्यावर वायू जाळून आखाताचं मीठ काढायचं, ते पाणी वाहिनीने घरापर्यंत आणायचं आणि घराच्या मागे पुन्हा त्यात मीठ घालायचं, असा हा व्यवहार.

त्या वर्षी जुलैत आम्ही सुट्टीला साताऱ्याला गेलो. बादली घाईत तलावाच्या काठावर भरलेलीच राहून गेली. तिकडे पावसाने झोडपलं. सहा आठवड्यांनी परतलो, तर तलाव काठोकाठ होता. तरंगता नळ रोज हिशेबाने पाणी भरत होता. बादलीला नळ नव्हता. ती कोरडी पडली होती, आणि बुडाशी मूठभर मीठ होतं.