कॉट बेसिस

नगरच्या बालिकाश्रम रोडलगतचा बोळ. दुसऱ्या मजल्यावर खोली. खोली कसली, पाच खाटा आणि मधून अंग चोरून जाण्यापुरती वाट. 6 मे 2025 ची संध्याकाळ आहे. पंखा नुसता गरम हवा ढवळतोय.

बाथरूमपुढे तिघे बादल्या घेऊन उभे. टाकी तळाला गेलीय. "आवर की लवकर!" आतून बातम्यांचा आवाज येतो. हा अंघोळीलाही मोबाइल घेऊन गेलाय. पाकिस्तानशी लढाईची चिन्हं, म्हणून उद्या 244 जिल्ह्यांसाठी मॉक ड्रिल. भोंगे वाजणार, दिवे मालवणार.

खिडकीच्या गजांना बूट टांगलेत. टाचा एका अंगाने झिजलेल्या, एकाचा तळवा दाभणाने शिवलेला. पहाटे ह्याच बुटांवर 1600 मीटर. खाली पेल्यात हरभरे भिजत घातलेत. पाथर्डी, जामखेड, पारनेर, शेवगाव. चौघेही सैन्यभरतीवाले, आणि एकमेकांना हाकही गावाच्याच नावाने मारतात. पाचवा एमआयडीसीत रात्रपाळीला.

के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव असला की इथली तावदानं थरथरतात. नवखा शेवगाव पहिल्यांदा दचकून उठून बसला होता. त्यावरून त्याला अजून छळतात. रविवारी भिंगारकडच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन पाकिस्तानी पॅटनपुढे फोटो काढून झालेत.

मेसचे डबे येतात. शेपू, पातळ वरण. एरवी काकूंच्या वरणाला नावं ठेवल्याशिवाय घास उतरत नाही. आज कुणी चवीबद्दल बोलत नाही.

"सर, लढाई लागली तर भरती वाढवतील का?" जामखेड मला विचारतो. मी काय सांगणार? अग्निवीराची नोकरी 4 वर्षांची, पुढे कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. हा हिशेब त्यांना माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे.

पारनेर जेवता जेवता फोन लावतो. भाऊ जम्मूकडे आहे. "स्विच ऑफ." पुन्हा लावतो. तेवढ्यात घरून आईचा फोन. "हो, झालं बोलणं. बरा आहे तो," असं बिनदिक्कत सांगून टाकतो. पाथर्डी त्याच्या ताटात न विचारता अर्धी भाकरी ठेवतो.

साडेदहाला दिवा बंद. वीजबिल वाटून भरायचं असतं.

रात्री 1 वाजून 5 मिनिटांनी पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधल्या नऊ ठिकाणांवर भारताचे हल्ले सुरू होतात. दीडपर्यंत संपतात. साडेचारच्या गजराला उठल्यावर चौघांना ते कळतं.