गाठ विरली, तरी फाईल जपून ठेवा

पोटाच्या कॅन्सरचे निदान झालेला माणूस वर्षभरात पुन्हा डबा घेऊन कामावर निघाला, की वस्तीत चर्चा सुरू होते. कुणी म्हणते अमुक बाबाचा अंगारा लागू पडला, कुणी म्हणते डॉक्टरांचेच चुकले होते. आम्हांला तिसरेच सांगायचे आहे.

जठराच्या अस्तरात लिम्फोमा नावाचा एक कॅन्सर होतो. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचीच एक फळी बेसुमार वाढते. ही लढाई कशाशी? ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वाढवून दाखवला. जठराच्या आम्लात जंतू टिकत नाही, अशी तोवर समजूत होती. कोणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतःच ते जंतू प्याले आणि जठराला सूज आणून दाखवली! ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, असे कालामांना सांगणाऱ्या तथागतांच्या अनुयायांना हा माणूस आवडायला हरकत नाही. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले.

१९९३ साली 'लॅन्सेट'मध्ये एक अहवाल आला. मंद वाढणाऱ्या अशा लिम्फोमाच्या सहा रुग्णांना फक्त जंतू मारणारी औषधे दिली होती. पाच जणांच्या अस्तरात पुढे कॅन्सर सापडला नाही. ना ऑपरेशन, ना केमोथेरपी. लिम्फोमावर काहीच उपचार न होता तो ओसरल्याच्याही थोड्या नोंदी आहेत. अशा माणसाने मधल्या काळात दुसऱ्याच दुखण्यासाठी अँटिबायोटिक घेतले असेल, तर त्यात हा जंतूही मेला असू शकतो. अंगाऱ्याआधी कोणत्या गोळ्या खाल्ल्या, हे कोण विचारतो?

घाबरवण्याचा हेतू नाही. आपल्याकडे निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू असतो, लिम्फोमा मात्र फारच थोड्यांना होतो.

पण ज्याला झाला, त्याचा रोग पाच-दहा वर्षांनीही परतू शकतो. कधी जंतू पुन्हा शिरतो, कधी जंतू नसतानाही दबून राहिलेल्या पेशी डोके वर काढतात. क्वचित तो झपाट्याने वाढणाऱ्या जातीचा होऊन येतो. म्हणून गोळ्या संपल्यावर निदान चार आठवड्यांनी जंतू मेला का ते तपासायचे, आणि दुर्बिणीची तपासणी डॉक्टर सांगतील तितकी वर्षे करायची.

इथेच आपली माणसे थांबतात. नाक्यावर उभे राहणाऱ्याचा त्यात एक रोज बुडतो, शिवाय उपाशीपोटी जाऊन नळी गिळायची. घरातली बाई तर स्वतःची तारीख मुलांच्या परीक्षेपुढे हमखास ढकलते. मध्येच शौचाला डांबरासारखी काळी झाली, वजन उतरू लागले किंवा थोडे खाल्ले तरी पोट भरले, तर तारखेची वाट पाहू नये.

खोली बदलताना बायोप्सीचा कागद हरवतो आणि नव्या डॉक्टरला जुना रोग कळतच नाही. रेशनकार्ड आणि जातीचा दाखला ज्या पेटीत असतो, त्याच पेटीत ही फाईल ठेवावी.