इंग्रजीची चूक घरच्या भाषेत शोधा

जुन्नर, मंचर, घोडेगावकडची आपली मुले पदवी घेतात, पण इंग्रजीच्या धास्तीने केंद्र सरकारच्या नोकरीचा अर्जच भरत नाहीत. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर परीक्षेत पहिल्या टप्प्याला इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुण असतात. त्यात चूक ओळखणे, वाक्य सुधारणे हे प्रकार येतात. चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापतात, म्हणून अंदाज चालत नाही.

शिकवताना आम्हाला दिसते, की बऱ्याच चुका घरच्या भाषेतून येतात. आपण ‘पाच वर्षांपासून’, ‘पाँच साल से’ म्हणतो. म्हणून मुले ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहितात. कालावधीला ‘फॉर’, सुरुवातीच्या सालाला ‘सिन्स’. ‘जरी-तरी’, ‘अगरचे-फिर भी’ जोडीने येतात; इंग्रजीत ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ नको. ‘मी पुस्तके वाचली’, ‘मैंने किताबें पढीं’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत ते कर्त्याकडे पाहते. ‘द बॉक्स ऑफ मँगोज’मध्ये आंबे अनेक, पण कर्ता पेटी; म्हणून ‘आर’ नव्हे, ‘इज’.

रोज मगरिबनंतर दहा वाक्ये सोडवावीत. चुकलेले प्रत्येक वाक्य वहीत लिहून शेजारी त्याचे मराठी किंवा उर्दू लिहावे. महिनाभराने त्याच चार-पाच चुका पुन्हापुन्हा दिसतील. तेवढे नियम आधी पक्के करावेत.

अम्मी-अब्बांना इंग्रजी येत नसले, तरी वही भरली का, एवढे विचारता येते. मुलींनाही ही वही द्या. या परीक्षेच्या अर्जाला त्यांना फी नाही.