कॉफीचे खेळते भांडवल

बँकेत लघुउद्योगांच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत, तेव्हा अर्जदार यंत्राचे कोटेशन मोठ्या उत्साहाने पुढे करी. यंत्र कोणते, किती क्षमतेचे, कुठून येणार, सगळे त्याला तोंडपाठ. मग मी विचारी, "कच्चा माल, वीज, दुरुस्ती यांना महिन्याला किती लागतील?" इथे बहुतेकांची गाडी अडे. यंत्राचा पैसा एकदाच जातो. खेळते भांडवल मात्र दर महिन्याला दारात उभे राहते.

वर दाणे ओतायचे, बटण दाबायचे आणि खाली कप भरून घ्यायचा, असे कॉफीचे यंत्र घरात आणायचे ठरले, तेव्हा हाच प्रश्न मी स्वतःच्या संसाराला विचारला. यात हौसेचा भाग थोडाच होता. सौ.चे माहेर बेळगावचे, कॉफीवाल्यांचे. चाळीस वर्षे तिने पहाटेची कॉफी पितळी फिल्टरवर केली. अलीकडे संधिवाताने तिची बोटे धरली. फिल्टरचा वरचा डबा खालच्यात घट्ट बसला की तिच्याने सुटेना. "अहो, एवढे उघडून देता का?" असे रोज अंधारात मला उठवून म्हणणे तिच्या जिवावर येई. सगळ्यांच्या आधी उठून, कुणाला हाक न मारता स्वतःची कॉफी करून पिणे, एवढीच तिची दिवसातली हक्काची वीस मिनिटे होती.

तेव्हा यंत्र घ्यायचे, पण पेन्शनीत बसणारे. आपल्याकडे बऱ्या नावाची साधी यंत्रे चाळीस-पन्नास हजारांच्या आसपास मिळतात. पुढे लाखाच्या वरही जातात. हे वरचे पैसे कशाचे, हे एकदा समजून घेतले की निवड सोपी होते.

यंत्राच्या पोटात चार गोष्टी असतात: दाणे दळणारे जाते, पाणी तापवण्याची सोय, पाणी रेटणारा पंप आणि पूड दाबून तिच्यातून पाणी काढणारा भाग. पैकी जाते सर्वांत महत्त्वाचे. आपल्या दगडी जात्याच्या दोन तळ्यांसारखीच इथे पोलादाची किंवा सिरॅमिकची दोन दातेरी चक्रे असतात. त्यांतून पूड एकसारखी पडते. मिक्सरचे पाते दाणे नुसते तोडते. मग बारीक पूड कडू उतरते, जाड पूड आंबट, आणि दोन्ही एकाच कपात येतात. सुदैवाने साध्या यंत्रांतही जाते बरे असते. दळण बारीक-जाड करण्याच्या पायऱ्या आहेत ना, एवढे पाहावे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१५ बार' छापलेले असते, त्याला भुलू नये. एस्प्रेसोला साधारण ९ बार दाब पुरतो; १५ ही पंपाची कमाल ताकद.

वरचे पैसे बरेचसे जातात ते रंगीत पडद्यात, पेयांच्या लांबलचक यादीत आणि आपोआप दूध फेसाळणाऱ्या भांड्यात. हे भांडे आणि त्याची नळी दर वेळी धुवावी लागते. दूध आत राहिले की वास मारते. साधी वाफेची दांडी असेल तर ओल्या फडक्याने पुसली आणि पाण्यात वाफ सोडली की काम झाले.

आता खेळते भांडवल. एका कपाला सुमारे ९ ग्रॅम दाणे लागतात. आम्ही दोघे दिवसाला चार कप पितो, म्हणजे ३६ ग्रॅम. वर्षाला तेरा किलोंच्या वर. पाव किलोचे पाकीट पाचशे रुपयांचे धरले तर वर्षाचे सव्वीस हजार. दोन वर्षांत दाणे यंत्राची किंमत गाठतात! स्वस्त यंत्र आणि चांगले दाणे हा सौदा महाग यंत्र आणि शिळे दाणे यापेक्षा कधीही बरा. १९९० च्या दशकापर्यंत मळेवाल्यांना आपली कॉफी कॉफी बोर्डाकडेच द्यावी लागे. १९९६ साली ते बंधन पूर्ण सुटले. आज चिकमगळूर, कोडगूचे दाणे भाजल्याच्या तारखेसह घरपोच मिळतात. ती तारीख पाहूनच घ्यावेत. फार काळे, तेलकट दाणे मात्र टाळावेत. ते जात्याला चिकटतात.

शिवाय पाणी. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार धरतात. यंत्राने सूचना दिली की क्षार काढायचे औषध फिरवावेच लागते. आणि मुलगा अमेरिकेतून यंत्र पाठवतो म्हणाला, तर त्याला प्रेमाने नको म्हणावे. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. आणि दुरुस्तीची हमी बहुधा जिथे खरेदी केली त्याच देशापुरती असते.

एवढी आकडेमोड झाल्यावरही निवड माझ्या वहीने केली नाही, सौ.च्या हातांनी केली. दुकानात मी तिला प्रत्येक यंत्राची पाण्याची टाकी काढून बसवायला लावली, चोथ्याचा खण ओढायला लावला, आतला पूड दाबणारा भाग बाहेर काढायला लावला. तो भाग आठवड्याला नळाखाली धुवावा लागतो. काही यंत्रांत तो निघतच नाही. दिसायला देखण्या एका यंत्राची खिटी तिच्या अंगठ्याला दाबेना. ते तिथेच बाद झाले. मोजक्या बटणांचे एक साधे यंत्र तिला एका हाताने उघडता आले. टाकी उचलायची नाही, जागच्या जागी तांब्याने पाणी ओतायचे, असे तिनेच ठरवले.

ज्यांचे हात धड आहेत त्यांनी एवढा खर्च करावाच असे नाही. विजेवर चालणारे वेगळे जाते आणि एक फ्रेंच प्रेस बऱ्याच कमी पैशांत उत्तम कॉफी देतात. आणि ज्यांची जीभ चिकरीवर बसली आहे, त्यांनी आधी कुणाकडे तरी यंत्राची कॉफी पिऊन पाहावी. फिल्टरची चव ती नव्हे.

हे सौ.नेही पहिल्याच घोटाला सांगितले. तरी हल्ली पहाटे स्वयंपाकघरात दाणे दळल्याची घरघर होते, मग शांतता. मी जागा असलो तरी उठत नाही. रविवारी मात्र फिल्टर निघतो, आणि तो उघडून द्यायचे काम माझ्याकडे असते.