तोल कोण सांभाळतं?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून टीएमटीची बस झटक्यात निघते. कॉलेजची पोरं हात न धरता सावरतात. आजोबांची मूठ मात्र दांड्यावर आवळली जाते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या या पहिल्या वसाहतीनं साठी ओलांडली, तशी इथे यंत्रांपुढे उभ्यानं पाळ्या केलेल्या पिढीनंही.

तोलाचं काम कारखान्यातल्या सुपरवायझरसारखं चालतं. मेंदूकडे तीन खात्यांचे अहवाल येतात. डोळे आजूबाजूचं सांगतात. तळपाय, घोटे आणि स्नायू जमिनीचा अंदाज देतात. आतल्या कानात द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचं वळणं टिपतात, तर शेजारचे कॅल्शियमचे बारीक खडे झुकणं आणि धक्का ओळखतात. मेंदू हे जुळवून स्नायूंना हुकूम सोडतो, तोही क्षणार्धात.

वयानुसार तिन्ही अहवाल अंधूक होतात, हुकूम उशिरा पोचतो आणि मांड्या-पोटऱ्यांतलं बळही घटलेलं असतं. मधुमेहानं तळपाय बधिर झाले, तर सगळा भार डोळ्यांवर. म्हणूनच तोंडाला साबण लावून डोळे मिटले की न्हाणीघरात झोक जातो.

जगभरात पडण्यामुळे दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार मृत्यू होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सुदैवानं तोल सरावानं सुधारतो, अगदी ऐंशीतही. ओट्याला हात टेकून एका पायावर उभं राहणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं रोज करावं. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी भोवळ येत असेल तर डॉक्टरांना सांगावं. न्हाणीघरात दांडी बसवावी, आणि तीही पाहुणे यायची वाट न पाहता, याच आठवड्यात.