मलाक्का : एका वेशीची साक्ष

गोव्यातील विद्यार्थ्यास मलाक्का हे नाव इतिहासाच्या पुस्तकात भेटते, ते अल्बुकर्कच्या संदर्भात. १५१० साली ज्याने गोवा घेतला, त्यानेच पुढील वर्षी मलायातील हे बंदर जिंकले. मलेशियाच्या शैक्षणिक सहलीत आम्हां विद्यार्थ्यांना या शहरी एक दिवस घालविता आला. तेथे जे समजले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एवढ्याशा किनाऱ्यासाठी तीन युरोपीय सत्ता का झगडल्या? याचे उत्तर वाऱ्यात आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर हिंदुस्थानची गलबते येथे येत. ईशान्य वाऱ्याबरोबर चीनची. वारा फिरेपर्यंत उभयतांना या सामुद्रधुनीत थांबणे भाग असे. त्यामुळे गुजरातचे कापड, चीनचे रेशीम आणि मोलुक्का बेटांतील लवंग-जायफळ यांचा सौदा येथेच होई.

सुलतानास हाकलून पोर्तुगीजांनी टेकडीभोवती ‘आ फामोसा’ हा किल्ला बांधला. १६४१ मध्ये तो डचांनी घेतला. आज त्याची एक वेस तेवढी उभी आहे, आणि तिच्या कमानीवर डच कंपनीचे चिन्ह व १६७० हे साल कोरलेले आहे. बांधणारा एक, नाव दुसऱ्याचे! पुढे शहर इंग्रजांच्या ताब्यात आले. ते डचांना परत करावे लागल्यास हा कोट आपल्यावरच उलटेल, या धास्तीने १८०७ मध्ये त्यांनी तो सुरुंगांनी पाडण्यास आरंभ केला. रॅफल्सच्या रदबदलीने ही वेस तेवढी वाचली.

वेशीमागील टेकडीवर सेंट पॉलचे छप्पर नसलेले चर्च आहे. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळ निधन पावलेल्या सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव १५५३ मध्ये येथे पुरले होते. येथूनच ते १५५४ मध्ये गोव्यास आले. ती रिकामी कबर पाहताना एरवी गडबड करणारे आम्ही सारे स्तब्ध झालो.

दुपारी नदी ओलांडून आम्ही व्यापाऱ्यांच्या जुन्या वस्तीत गेलो. चिनी मंदिर, १७४८ मधील मशीद आणि १७८१ मधील विनायकाचे देऊळ तेथे जवळजवळ उभी आहेत. परदेशी गणपतीचे दर्शन घडताच सर्वांचे हात आपोआप जुळले. राजवटी बदलल्या, कोट पडला. पण पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांची ही श्रद्धास्थाने टिकली.

१९६१ पर्यंत परकी सत्ता अनुभवलेल्या आमच्या भूमीतही असे पडके कोट आहेत. त्यांचे काय करावे, हा प्रश्न आम्हांसही पडतो. मलाक्काने डच गव्हर्नरच्या वाड्यात आपल्याच इतिहासाचे संग्रहालय मांडले आहे. जेत्याच्या घरात बसून जितांनी आपली कथा स्वतः सांगावी, हे उत्तर आम्हांस मनोमन पटले.