उपवासातून वाचलेली मूठ

उपवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे कूट, भगर आणि आमटी, राजगिऱ्याचे लाडू, रताळ्याचा कीस! ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही दुसऱ्या कोणी आपल्याला चिडवायला केलेली नाही, आपल्याच आज्यांनी हसत हसत केलेली आहे. विश्वास बसत नसेल तर महिन्याच्या हिशेबाची वही उघडून पाहा. उपवासाच्या दिवसाचा खर्च इतर दिवसांपेक्षा कमी निघाला, तर तुम्ही खरोखरच सुगृहिणी!

२०२५ साली एक गंमत झाली. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती, २ मार्चला रमजानचे रोजे सुरू झाले आणि ५ मार्चला ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार आला. आठवडाभरात तीन धर्मांचे उपवास! पहिला आपल्या घरचा. दुसऱ्याची ओळख शेजारपाजारमुळे असते, निदान ईदच्या शिरखुर्म्यापुरती तरी. तिसऱ्याबद्दल मात्र आपल्याला फारसे ठाऊक नसते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे थोडीच. त्यांतही वऱ्हाडात अलायन्स मिशनच्या प्रोटेस्टंट मंडळ्या जुन्या, त्यांच्या रीती वेगळ्या. कॅथलिक घरे तर हाताच्या बोटांवर मोजावीत अशी. त्यांचा कारभार अमरावतीच्या धर्मप्रांतातून चालतो. हा धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून वेगळा झाला. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेतल्या एका कॅथलिक बाईंमुळे मला या उपवासाची गोडी लागली. मग मी थोडे वाचले, थोडे विचारले. त्यातले आपल्या संसाराच्या कामाचे वाटले, ते तुम्हाला सांगते.

चाळीस दिवसांचे गणित

या काळाला मराठी कॅथलिक उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. इंग्रजीत तोच ‘लेंट’. येशू ख्रिस्ताने रानात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस भरतात शेहेचाळीस. मग चाळीस कसे? तर मधले सहा रविवार मोजायचे नाहीत, कारण रविवार हा आनंदाचा दिवस!

राखेच्या बुधवारी धर्मगुरू भाविकांच्या कपाळावर राख लावतात. ही राख कशाची असते, माहीत आहे? गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी हातात मिरवलेल्या झावळ्या वाळवून, जाळून केलेली. कालचा मिरवण्याचा हिरवेपणा आज कपाळावरची राख होतो, हे समजायला काही पंडित व्हावे लागत नाही.

नियम म्हणाल तर फार कडक नाहीत. अठरा ते एकोणसाठ वर्षांपर्यंतच्या माणसांनी राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी एकच पोटभर जेवण घ्यायचे. बाकी दोन वेळा थोडेसे खाल्ले तरी चालते, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाइतके होता कामा नये. चौदा वर्षांपासून पुढे सर्वांनी या दोन दिवशी मांस टाळायचे. मधल्या शुक्रवारीही मांस टाळण्याची रीत आहे. आजारी माणसे, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांना सूट. मला हे फार आवडले. नाहीतर आपल्याकडे सातव्या महिन्यातही निर्जळी उपवास करणाऱ्या सुना मी पाहिल्या आहेत!

पण नुसते न खाणे म्हणजे हा उपवास नव्हेच. त्याला तीन पाय आहेत: प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. तीन पायांच्या तिवईसारखे, एक काढला की बाकीचे दोन पडतात. उपवासाने जे वाचले ते भुकेल्याच्या ताटात गेले पाहिजे, नाहीतर ती नुसती काटकसर झाली. भारतातल्या कॅथलिकांची ‘कारितास इंडिया’ ही संस्था १९६२ साली स्थापन झाली. उपवासकाळात ती भूक आणि रोग यांच्याविरुद्ध मोहीम चालवते, तीही याच विचाराने.

शुक्रवारी चर्चमध्ये ‘क्रूसाची वाट’ ही प्रार्थना होते. येशूला शिक्षा झाल्यापासून कबरीत ठेवेपर्यंतचे चौदा प्रसंग. एकेका प्रसंगापाशी थांबायचे, गुडघे टेकायचे, पुढे जायचे. मी त्यातल्या बाया शोधल्या. चौथ्या ठिकाणी आई भेटते. सहाव्या ठिकाणी वेरोनिका नावाची बाई गर्दीतून पुढे होऊन त्याचा घामाने, रक्ताने माखलेला चेहरा पुसते. आठव्या ठिकाणी यरुशलेमच्या बाया रडताना दिसतात. शिक्षा रद्द करण्याची ताकद यांच्यापैकी कोणाकडेच नव्हती. वेरोनिकेजवळ होते ते एक फडके. तेवढे तिने दिले. संकटात माणसाने काय करावे, याचे उत्तर मला त्या सहाव्या ठिकाणी सापडते.

दोन वर्षे कुलुपाची

आणि संकट आलेच. २०२० साली राखेचा बुधवार २६ फेब्रुवारीला होता. तेव्हा चर्चमध्ये नेहमीसारखी माणसे होती. २२ मार्चला जनता संचारबंदी, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी! मार्चच्या अखेरीस आमच्या बुलढाणा शहरात कोरोनाने पहिला बळी घेतला आणि सगळ्या विदर्भाच्या छातीत धस्स झाले. ५ एप्रिलच्या रात्री नऊ वाजता आपण सर्वांनी दारात दिवे लावले होते, आठवते ना? त्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता. १० एप्रिलला गुड फ्रायडे, १२ ला ईस्टर. दोन्ही घरातल्या घरात, टीव्ही नाहीतर मोबाईलसमोर बसून झाले. पवित्र गुरुवारी धर्मगुरू भाविकांचे पाय धुतात. पूर्वी हा मान पुरुषांनाच होता, २०१६ पासून पोप फ्रान्सिस यांनी तो स्त्रियांसाठीही खुला केला. २०२० साली तो विधीच गाळावा लागला.

२०२१ ची गोष्ट तर आमच्या अगदी दाराशी घडली. यंदा तरी सगळे नीट होईल, असे सर्वांना वाटत होते. १७ फेब्रुवारीला राखेचा बुधवार झाला, पण कसा? रोमहून सूचना आली होती, की धर्मगुरूंनी प्रार्थनेचे शब्द सर्वांसाठी एकदाच म्हणावेत, हात स्वच्छ करावेत, तोंडाला मास्क लावावा आणि काही न बोलता राख डोक्यावर नुसती भुरभुरावी. पाच दिवस लोटतात न लोटतात तोच, २२ फेब्रुवारीच्या रात्री आठपासून अमरावती आणि अचलपूर शहरे बंद झाली. अकोला, वाशीम, यवतमाळ आणि बुलढाणा या जिल्ह्यांतही निर्बंध आले, राज्यभर धार्मिक मेळावे बंद झाले. ४ एप्रिलला ईस्टर झाला आणि लगेच दुसऱ्या दिवशी रात्रीपासून राज्यातली सर्व प्रार्थनास्थळे पुन्हा कुलूपबंद. ती उघडली थेट ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी.

आमच्या त्या बाई म्हणतात, “चर्च बंद होतं, पण देवाला कुलूप कसं लागेल? उलट त्या दोन वर्षांतच मला कळलं, की प्रार्थना झाल्यावर उठून काय करायचं, तोच खरा प्रश्न असतो.”

देणारा आणि घेणारा

हा प्रश्न तेव्हा सगळ्यांपुढेच होता. मुंबई-नागपूर महामार्ग आपल्या मलकापूर, नांदुरा, खामगाववरून जातो. पोरेबाळे खांद्यावर घेऊन मजूर या वाटेने चालत होते. ठिकठिकाणी लोकांनी त्यांना पाणी दिले, भाकरी दिली. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाने गरजूंसाठी स्वयंपाक चालवला. कोणाचा देव कोणता, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

पण त्याच काळात आपण आणखीही एक पाहिले. पाच किलो कणकेची पिशवी, तिला धरलेले आठ हात आणि समोर मोबाईलचा कॅमेरा! घेणाऱ्या बाईने पदराने तोंड झाकून घेतलेले. तिची चूल त्या दिवशी पेटली असेल, पण त्या फोटोचा चटका तिला किती दिवस बसला असेल?

कॅथलिक लोकांत यावर एक जुनी तोड आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना जमवून एक मंडळ सुरू केले. आज ते संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने जगभर चालते, आपल्या देशातही ठिकठिकाणी आहे. गरिबांची घरे कुठे, त्यांच्याशी बोलायचे कसे, हे या मुलांना कोणी शिकवले असेल? रोझाली रेंदू नावाच्या एका सिस्टरने! या मंडळाची रीत अशी, की सभासदांनी दोघे दोघे मिळून गरजूच्या घरी जायचे, बसायचे, ऐकायचे, आणि मग मदत करायची. कोणाला काय दिले हे बाहेर बोलायचे नाही. बैठकीत पैशांसाठी पिशवी फिरते, तीही गुप्त. कोणी किती टाकले, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. ज्याच्याजवळ नसेल तो रिकामा हात घालून काढू शकतो. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये असे आपण म्हणतो, ते इथे नियमातच बसवून टाकले आहे.

रिकाम्या हाताची ही सोय मला फार मोलाची वाटते. कारण वाईट दिवसांत काल देणारा आज घेणारा होऊन बसतो. टाळेबंदीत पगार थांबलेल्या कितीतरी घरांचे असेच झाले.

मग आपण काय करावे?

तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळे छान, पण आमचाच महिना वीस तारखेला संपतो. खरे आहे. पण मूठभर देण्याची रीत आपल्यालाही नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरच्या बाया रोज मूठ मूठ धान्य बाजूला काढत. तोच मुष्टिफंड. आणि घरात दाणा नाही म्हटल्यावर लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले!

आपल्याला मंगळसूत्र मोडायचे नाही. एवढे करून पाहा:

स्वयंपाकघरात एक झाकणाचा डबा ठेवा. उपवासाच्या दिवशी फराळाचे दोनच जिन्नस करा आणि वाचलेले पैसे त्याच दिवशी डब्यात टाका. उद्यावर ठेवले की ते भाजीत जातात. राखेच्या बुधवारनंतर गुड फ्रायडे धरून सात शुक्रवार येतात. एका वेळचे साठ रुपये वाचले तर सात वेळचे चारशेवीस होतात. चार माणसांच्या घरचे साधारण आठवडाभराचे पीठ!

देण्याआधी विचारा. गहू रेशनवर मिळाले असतील, पण तेल, तिखट, साबण, औषध, मुलीच्या महिन्याच्या अडचणीचे सॅनिटरी नॅपकिन यांना पैसे नसतात. हे मागायची लाज वाटते, म्हणून विचारणारी बाईच हवी.

साध्या पिशवीत द्या, शक्यतो तिच्या घरी जाऊन. फोटो नको, वाड्यात वाच्यता नको. मुलांना बरोबर न्या, पण गप्प राहायचे हे आधी शिकवा.

ज्यांचे आपण देणे लागतो ते आधी द्या. धुणेभांडी करणाऱ्या बाईचा खाड्यांचा पगार कापून दुसरीकडे दान केले, तर ते दान कसले?

आणि ज्यांच्या घरी या वर्षी खरोखरच काही नाही, त्यांनी मन खाऊ नये. एखाद्या म्हातारीला दवाखान्यात सोबत करा, पोरक्या पोराचा अभ्यास घ्या. बायबलमध्ये एका गरीब विधवेची गोष्ट आहे. मंदिराच्या पेटीत श्रीमंतांनी पुष्कळ टाकले, तिने दोन दमड्या. येशूच्या हिशेबात जास्त भरले ते तिचेच.

हे दिवसही बघा कसे येतात. होळी झाली की शेतातली कामे संपत येतात. हरभरा, गहू निघून गेलेला, कापूस केव्हाच वेचून झालेला. घाटावर काय नि घाटाखाली काय, मजुराच्या हाताला काम नाही आणि पाण्याचा हंडा रोज लांब चाललेला. नेमका हाच उपवासकाळ. तुमचा सोमवार असो, चतुर्थी असो, रोजा असो की शुक्रवार, दिवस तुमचा तुम्ही निवडा. डबा मात्र आजच घासूनपुसून ठेवा.